ताडपान आणि तार

परंपरा हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. सण, पोशाख, भांडीकुंडी, गाणी, सगळे त्या एका गाठोड्यात बांधले की आपले काम संपते. परंतु त्या गाठोड्यातली एखादी वस्तू बाहेर काढून, ‘हिच्यात परंपरा नेमकी कोठे आहे?’ असे कोणी विचारले, तर उत्तर देणे सोपे नाही. ती वस्तू ज्या द्रव्याची केली त्या द्रव्यात परंपरा आहे, तिच्या आकारात आहे, उपयोगात आहे, की ती करणाऱ्याच्या हातात आहे? यांपैकी एक गोष्ट बदलली, मग दुसरी बदलली, तर कितव्या बदलाला परंपरा संपली असे म्हणायचे? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, तसे म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

या प्रश्नाचा विचार करताना मला सर्वांत उपयोगी पडलेले उदाहरण आपल्या देशातले नाही. ते आहे दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातील झुलू लोकांच्या टोपल्यांचे. डर्बनला नोकरीनिमित्त राहिलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी तेथून एक पसरट वाटी आणून दिली. मध्यापासून काठापर्यंत काळ्या, पांढऱ्या, लाल आणि निळ्या रंगांची वळणे भोवऱ्यासारखी फिरत गेलेली. हातात घेतली की कळते, ही वेताची नाही आणि गवताचीही नाही. प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या टेलिफोनच्या तारेची आहे. “सर, ही झुलूंची पारंपरिक कला,” असे तो म्हणाला. शिक्षकखोलीत ती पाहून आमच्या एका सहकाऱ्यांनी लगेच विचारले, “टेलिफोनची तार, आणि पारंपरिक?” मला दोघांच्याही बोलण्यात तथ्य वाटले. एकाच वस्तूविषयीची दोन विरुद्ध विधाने खरी वाटू लागली, की विषयाच्या तळाशी जावेच लागते.

आधी जुनी टोपली समजून घेऊ. झुलू प्रदेशाच्या उत्तरेकडील उष्ण किनारपट्टीत ‘इलाला’ नावाचा ताड वाढतो. आपल्याकडे दीवच्या किनाऱ्यावर ज्याला रावणताड म्हणतात, त्या फांद्या फुटणाऱ्या ताडाच्या कुळातलाच हा. त्याची न उमललेली कोवळी पाने कापायची, चिरून पट्ट्या करायच्या, वाळवायच्या आणि मुळ्या, साली, पाने यांच्याबरोबर उकळून रंगवायच्या. गवताची जुडी हा गाभा. तिच्याभोवती पट्टी गुंडाळत, प्रत्येक वेढा खालच्या वेढ्याला टाचत, तळापासून वर चढत जायचे. रंग मोजकेच मिळतात: तपकिरी, काळा, जांभळट, नारिंगी. मोठ्या टोपलीला महिना-महिना लागतो.

या टोपल्या शोभेच्या नव्हत्या. ‘इसिलुलू’ म्हणजे धान्याची भली थोरली कणगी. ‘इसिचुमो’ ही बाटलीच्या घाटाची टोपली. तिच्यातून ज्वारीची घरगुती बिअर नेत असत. टोपलीतून पातळ पदार्थ कसा नेतात, असा प्रश्न आपल्याला पडेल. वीण इतकी घट्ट असते की, आत ओल लागताच पट्ट्या फुगतात, फटी बुजतात आणि थेंबही गळत नाही. आणि ‘इम्बेंगे’ म्हणजे वाटीच्या आकाराचे लहानसे झाकण. बिअरच्या मातीच्या मडक्यावर ते पालथे घालायचे, म्हणजे धूळ-किडा आत जात नाही. ही बिअर केवळ पिण्याची वस्तू नव्हे. घरातील बाई ती गाळते, पाहुण्याला देऊन त्याचा मान राखते आणि पूर्वजांच्या नावाने तिचा वाटा काढून ठेवते. म्हणजे झाकण साधे असले तरी ज्यावर ते बसे, ते मडके घराच्या धर्माशी जोडलेले होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुन्या रिवाजात मडकी घडवणे हे बायकांचे काम आणि टोपल्या विणणे हे प्रामुख्याने पुरुषांचे.

ही घडी मोडली ती कोणाच्या कलाविषयक मतामुळे नव्हे. नातालच्या इंग्रजी अंमलाने १८४९ साली झोपडीकर बसवला. कर रोख पैशात भरायचा, आणि रोख पैसा गोऱ्यांच्या मळ्यांत, खाणींत, शहरांतच मिळायचा. पुढे १९१३ च्या भूमी कायद्याने काळ्या लोकांना देशातील बहुतेक जमीन विकत घेण्याची वा खंडाने धरण्याची बंदी केली. पुरुष जोहान्सबर्ग-डर्बनकडे गेले. विणणारे हातच गावाबाहेर पडले. त्याच सुमारास दुकानांत इनॅमलची आणि पुढे प्लॅस्टिकची भांडी आली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टोपली मागे पडत गेली.

तिला पुन्हा उभे केले ते १९७० च्या दशकात. एशोवे गावी एका स्वीडिश मिशनरी जोडप्याच्या पुढाकाराने ‘वुकानी’ नावाची संस्था निघाली. वुकानी म्हणजे ‘जागे व्हा’. तिने विणणाऱ्यांना धरून ठेवले, माल विकत घेतला आणि दूरच्या ग्राहकांपर्यंत नेला. ह्लाबिसा या भागातील टोपल्यांनी जगभर नाव कमावले. तेथील रुबेन न्द्वान्द्वे या विणकराच्या इलालाच्या टोपल्या पाहिल्या, की हाताच्या कौशल्याला सीमा आहे की नाही, असा प्रश्न पडतो.

आता थोडे थांबून हिशेब करू. वुकानीच्या काळातील टोपली ताडपानाचीच आहे. म्हणून तिला सगळे ‘अस्सल’ म्हणतात. परंतु न्द्वान्द्वे यांच्यासारखे काही पुरुष सोडले, तर विणणाऱ्या आता बायका होत्या. टोपली बिअर नेण्यासाठी नव्हती, दिवाणखान्यात ठेवण्यासाठी होती. नक्षी पूर्वीपेक्षा दाट झाली, कारण ग्राहकाला ती हवी होती. उपयोग, कर्ता आणि मोल ही तिन्ही बदलली. राहिले ते एक द्रव्य. आणि त्या एका द्रव्यावर आपण अस्सलपणाचा शिक्का मारून मोकळे झालो.

तारेची कहाणी याच काळातली, पण शहरातली. कामासाठी आलेल्या झुलू पुरुषांपैकी पुष्कळ जण रात्रीचे पहारेकरी होते. वखारीच्या दारात रात्रभर जागायचे, हात रिकामे. टेलिफोनच्या केबलचे टाकून दिलेले तुकडे त्यांच्या हाती लागत. केबलमधील प्रत्येक बारीक तारेला वेगळा रंग असतो. कोणती जोडी कोणत्या घराची हे दुरुस्तीवाल्याला ओळखता यावे, एवढाच त्याचा हेतू. पहारेकऱ्यांना त्यात नक्षी दिसली. आधी त्यांनी आपल्या काठ्या त्या तारेने मढवल्या. मग घरचे झाकण, इम्बेंगे, तारेत विणले. डर्बनचे एलियट म्खिझे हे या कामातील आरंभीच्या नामवंतांपैकी एक. तेही रात्रपाळीचे पहारेकरीच होते. गवताच्या जुडीच्या जागी जाड तार आली, ताडपट्टीच्या जागी रंगीत तार; वेढ्याला वेढा टाचण्याची हातोटी मात्र तीच राहिली.

त्या शहराचा एक इतिहास येथे सांगितला पाहिजे. १९०८ च्या कायद्याने नातालमधील नगरपालिकांना ज्वारीच्या बिअरचा मक्ता मिळाला. डर्बन नगरपालिकेने तो उचलला. आपल्या घरी बिअर गाळणारी बाई गुन्हेगार ठरली आणि बिअरगृहांच्या उत्पन्नातून काळ्या वस्त्यांचा कारभार चालवला गेला. १९५९ साली केटो मॅनर वस्तीतील बायकांनी या बिअरगृहांवर मोर्चे नेले, ते याच रागातून. म्हणजे ज्या शहरात घरच्या मडक्याला दीर्घकाळ जागा नव्हती, त्या शहरात बसून हे पुरुष मडक्याचे झाकण विणत होते. त्यातली काही झाकणे गावाकडच्या मडक्यांवर गेलीही. मग कोणाच्या मते हे झाकण ‘खोटे’?

पुढे १९५९ सालीच सुरू झालेल्या डर्बनच्या आफ्रिकन आर्ट सेंटरसारख्या संस्थांनी ही झाकणे विकायला घेतली. १९९० च्या दशकात शहराजवळच्या सियांडा वस्तीत तारेचे विणकाम बहरले आणि बायकाही त्यात आल्या. ही वस्ती ज्या भागात आहे, तेथून गांधीजींचा १९०४ सालचा फिनिक्स आश्रम फार लांब नाही. हाताच्या कामाला नैतिक मोल असते, हा विचार ज्या परिसरात एका हिंदी माणसाने आचरून पाहिला, त्याच परिसरात तो प्रश्न आज तारेच्या रूपाने उभा आहे. बाजारात गेल्यावर झाकणाचे एक नवल झाले. परदेशी ग्राहकाच्या घरी बिअरचे मडके नव्हते; त्याने झाकण उलटे करून टेबलावर ठेवले आणि त्यात फळे घातली. झाकणाची वाटी झाली.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. पाश्चात्त्यांकडे थीसियसच्या गलबताचा जुना प्रश्न आहे: एकेक फळी बदलत सगळ्या फळ्या नव्या झाल्या, तर गलबत तेच का? इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्स याने त्याला एक पेच जोडला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांचे पुन्हा गलबत बांधले, तर खरे कोणते? संग्रहालयातील ताडपानाची टोपली हे दुसरे गलबत म्हणता येईल. फळ्या जुन्या, पण ते समुद्रात जात नाही. तारेचे झाकण हे पहिले. फळी एकही जुनी नाही, पण प्रवास चालू आहे.

आपल्या परंपरेत याची उत्तरे दोन टोकांची आहेत. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की, माती कळली की मातीचे सारे काही कळले. घट, परळ ही केवळ नावे. त्या दृष्टीने द्रव्य हेच सत्य. नैयायिकांनी मात्र अधिक बारकाईने पाहिले. कापडाचे समवायी कारण म्हणजे धागे, असमवायी कारण म्हणजे धाग्यांचा परस्परसंयोग, आणि निमित्त कारण म्हणजे विणकर, त्याचा माग, त्याची हत्यारे. तर्कशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात हे उदाहरण येते आणि परीक्षेपुरते पाठ करून आपण ते विसरतो. पण टोपलीला ते लावून पाहावे. नैयायिक म्हणेल, धागे बदलले तर कापड दुसरे. तेव्हा तारेचे झाकण ही ताडपानाच्या झाकणाहून वेगळी वस्तू आहे, हे आमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे वस्तूपुरते निर्विवाद आहे. परंतु परंपरा ही वस्तू नव्हे. एका वस्तूनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी घडवीत राहणारी साखळी म्हणजे परंपरा, आणि त्या साखळीची कडी निमित्त कारणात असते. ती हातात असते, आणि एका हाताने दुसऱ्या हाताला दिलेल्या शिक्षणात असते. माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे या अर्थाने खरे ठरते.

येथवर प्रश्न ज्ञानाचा होता. येथून पुढे तो नीतीचा होतो. दूर बसलेला ग्राहक जेव्हा ‘मला शुद्ध ताडपानाचीच टोपली हवी, तार नको’ असे म्हणतो, तेव्हा तो आपली आवड सांगतो, इथपर्यंत ठीक आहे. पण त्या आवडीला तो ‘त्यांच्या संस्कृतीचे रक्षण’ असे नाव देतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या आयुष्यावर अट घालत असतो. स्वतः टेलिफोन वापरणाऱ्या माणसाने, दुसऱ्याने टेलिफोनच्या तारेला हात लावू नये अशी अपेक्षा करावी, यात न्याय कोठे आहे? शिवाय ताडही अमर्याद नाही. शेजारच्या बोट्स्वानात टोपल्यांची मागणी वाढल्यावर त्याच कुळातला ताड आणि रंगाची झाडे कमी होऊ लागल्याचे अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच नोंदवले होते. शुद्धतेची किंमत झाडाने आणि विणणारीने चुकवायची, आणि समाधान मात्र ग्राहकाचे.

मात्र याच्या उलट टोकालाही मी जाऊ इच्छीत नाही. तारेची टोपली पाहून काही जण भारावून जातात: काय ही कल्पकता, काय ही परिस्थितीवर मात! या कौतुकात एक सोयीस्कर विसर असतो. तो पहारेकरी वखारीच्या दारात कलासाधना करायला बसला नव्हता. कराने आणि कायद्याने त्याला तेथे आणून बसवले होते. त्याची बायकामुले शेकडो मैलांवर होती. कल्पकता त्याची स्वतःची, पण तिला जी संधी म्हणतात ती अन्यायाने निर्माण केलेली. फुलाचे कौतुक करताना चिखलाचे उपकार मानण्याचे कारण नाही.

तसाच प्रश्न चोरीचा आहे. मागणी वाढली, टाकाऊ तुकडे पुरेनात, तेव्हा चालू केबली तोडल्या जाऊ लागल्या. ज्यांची जमीनच काढून घेतली गेली, त्यांनी हातभर तार घेतली तर काय बिघडले, असा युक्तिवाद केला जातो. मला तो पटत नाही. तार तुटल्यावर ज्याचा टेलिफोन बंद पडतो, त्याने जमीन घेतलेली नसते. तो बहुधा त्याच भागातला कोणी गरजू असतो. एका अन्यायाची फेड तिसऱ्याच माणसाकडून करून घेता येत नाही. पण विणकराला चोर म्हणून मोकळे होणेही बरोबर नाही. तांब्याच्या चोरीचा मोठा व्यापार भंगाराचा आहे. त्यापुढे वाट्यांना लागणारी तार किती? आणि मार्ग निघाला तोही सरळ होता: विणकामासाठी नवी तार विकत घेतली जाऊ लागली. त्याबरोबर एक नवे कर्तव्य आले. आज बऱ्याच वाट्यांची तार टाकाऊ नसते. तरी विक्रेता तिच्यावर ‘टाकाऊतून टिकाऊ’ अशी चिठ्ठी लावतो, तेव्हा तो ग्राहकाच्या सद्भावनेचा गैरफायदा घेतो. परंपरेला बदलण्याचा हक्क आहे. स्वतःविषयी खोटे सांगण्याचा नाही.

सीमेवर राहणाऱ्या आम्हा मंडळींना हा विषय परका वाटू नये. आमच्या बोलीत शेजारच्या भाषेचे शब्द ऐकून बाहेरचा पाहुणा ‘ही कसली मराठी?’ असे विचारतो, तेव्हा तोही द्रव्यच तपासत असतो. वीण कोणाची आहे, हे पाहायला त्याला सवड नसते.

मग बदलाने काहीच गेले नाही का? गेले. आणि ते मान्य केल्याशिवाय हा विचार प्रामाणिक होणार नाही. तारेची टोपली पाण्याने फुगत नाही. ताडपानाच्या इसिचुमोची परीक्षा पाणी घेत असे. एक वेढा सैल राहिला तरी ओल बाहेर येई. तेथे नक्षीने वेळ मारून नेता येत नसे. तारेच्या वाटीची परीक्षा केवळ डोळा घेतो. शिक्षकाच्या नात्याने मला हा फरक मोठा वाटतो. ज्या कौशल्याची परीक्षा बंद होते, ते कौशल्य एक-दोन पिढ्यांत विसरले जाते, कोणी मुद्दाम विसरत नाही तरी. उद्या तार सर्वत्र झाली आणि पाणी धरणारी टोपली विणणारा हात एकही राहिला नाही, तर ती हानी सुंदर रंगांनी भरून निघणार नाही. म्हणून ताडपानाची वीणही जगली पाहिजे असे मला वाटते. फरक एवढाच की, ती जगवण्याचा भार ज्यांना ती हवी आहे त्यांनीही उचलावा. तिला लागणाऱ्या महिन्याची पुरती मजुरी द्यावी, आणि ताड पुन्हा लावण्याची सोय करावी. रक्षणाचे भाषण ग्राहकाचे आणि उपासमार विणणारीची, अशी वाटणी नसावी.

एक गोष्ट निश्चित चांगली घडली. जुन्या संग्रहालयांत टोपलीपुढे नुसते ‘झुलू’ असे लिहिलेले असे. जणू ती एका जमातीने मिळून विणली. आता विणणाऱ्याचे नाव लागते. २०२४ साली अमेरिकेतील सांता फे येथील आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालयाने केवळ दक्षिण आफ्रिकेतील तारेच्या कलेचे प्रदर्शन मांडले. ज्या वस्तूला ‘पारंपरिक नाही’ म्हणून हसता आले असते, तिला लोककलेच्या घरात पाट मिळाला. वस्तूला नाव लागले की प्रश्नही बदलतो. ‘ही अस्सल आहे का?’ याऐवजी ‘ही कोणाची आहे, त्याने काय ठरवले, आणि त्याला काय मिळाले?’ असे विचारता येते.

टेलिफोनच्या तांब्याच्या तारांचे दिवसही आता भरत आले. जगभर त्यांची जागा काचेचे तंतू आणि बिनतारी लहरी घेत आहेत. लहरींची टोपली विणता येत नाही. तेव्हा झुलू विणकर पुढे कारखान्यातली तारच वापरतील, ताडपानाकडे वळतील, की आपल्या कल्पनेत नसलेले तिसरे काही हाती घेतील, हे त्यांचे त्यांनी ठरवायचे आहे. वारसदाराला वारसा सांभाळण्याचा जेवढा हक्क असतो, तेवढाच तो मोडून नवे काही घडवण्याचाही असतो. आपण बाहेरच्यांनी एवढे पाळले तरी पुरे: शिक्का मारण्याची घाई करू नये, नाव विचारावे आणि दाम पुरते द्यावे.